पदपथाखालची माती

मे महिन्यातल्या दुपारी पुण्यात किंवा नागपुरात लाल दिवा लागला की दुचाक्या चौकातल्या पांढऱ्या पट्टीपर्यंत जात नाहीत. पट्टीच्या बऱ्याच अलीकडे एखाद्या कडुनिंबाची सावली पडलेली असते, तिथेच सगळे दाटीवाटीने थांबतात. ज्या चौकात झाडच नाही, तिथे हिरव्या जाळ्या ताणाव्या लागतात. नागपुरात तर उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवले जातात, म्हणजे माणसांना उन्हात खोळंबून राहावं लागू नये. शहराला सावली किती हवी आहे, हे समजायला एवढं पुरेसं आहे. ती किती कामाची असते, हे मात्र मोजूनही पाहिलेलं आहे.

बेंगळुरूच्या काही संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हरिणी नागेंद्र त्यांपैकी एक होत्या. झाडं असलेले आणि नसलेले रस्त्यांचे तुकडे निवडून त्यांनी दोन्हीकडची हवा आणि डांबर यांचं तापमान मोजलं. झाडांच्या रस्त्यावर दुपारची हवा ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड भरली, तर डांबराच्या पृष्ठभागात २७.५ अंशांपर्यंत फरक निघाला. दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडत राहतं, आणि शहरातल्या रात्री त्यामुळेच गार होत नाहीत. दुपारी ज्या रस्त्यावर सावली होती, तो रस्ता रात्री ओकायला उष्णता साठवतच नाही.

झाड हे काम दोन मार्गांनी करतं. पानं ऊन अडवतात, हा पहिला मार्ग. दुसरा दिसत नाही: मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं आणि त्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने झाडाखालची हवा गार होते. पत्र्याच्या शेडखाली ऊन लागत नाही, पण तसा गारवाही मिळत नाही. अट एकच, झाडाच्या मुळांना प्यायला पाणी आणि पसरायला माती मिळाली पाहिजे. या प्रकरणाचा मुख्य विषय तोच आहे.

आधी आकाराबद्दल. चार मीटर व्यासाचा पर्णसंभार जमिनीवर साधारण साडेबारा चौरस मीटर सावली टाकतो, सोळा मीटर व्यासाचा दोनशे चौरस मीटर. व्यास चौपट झाला की सावली सोळापट होते. शिवाय बुटक्या झाडाची सावली पदपथाच्या कडेलाच संपते, रस्त्यावर पोहोचतच नाही. म्हणून एका मोठ्या झाडाच्या बदल्यात सोळा छोटी झाडं लावली तरी हिशेब जुळत नाही. वृक्षारोपणाच्या बातमीत रोपांची संख्या छापली जाते. त्यांतल्या किती रोपांचा घेर वीस वर्षांनी दहा मीटरच्या पुढे गेला, ही बातमी कोणी छापत नाही, आणि शहराच्या दृष्टीने अर्थ असतो तो त्याच आकड्याला.

वाटसरूसाठी मोठं झाड लावायची रीत आपल्याकडे फार जुनी. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावले आणि आमराया केल्या, अशी नोंद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल सांगताना बजावलं आहे की आंबा-फणसाचं लाकूड उपयोगी असलं तरी रयतेच्या या झाडांना हात लावू नये. ती वाढायला मोठा काळ लागतो आणि लोकांनी ती मायेने जपलेली असतात. सातारा जिल्ह्यात सुरूरहून वाईला जाणाऱ्या रस्त्यावर वडांची कमान अजून पाहायला मिळते. जुन्या रस्त्यांच्या कडेला अशा किती तरी रांगा होत्या, त्यांतल्या बऱ्याच चौपदरीकरणात गेल्या.

शहरासाठी झाड निवडणं हा स्वतंत्र विचार आहे हे ओळखणाऱ्यांत गुस्ताव क्रुंबिगेल हे नाव घ्यावं लागतं. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ जन्मलेला, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा माणूस १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आला. तिथल्या बागा त्याने घडवल्या आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्याला बेंगळुरूच्या लालबागेसाठी बोलावून घेतलं. एका रस्त्याचा बहर ओसरला की दुसऱ्या रस्त्याचा सुरू व्हावा, अशा बेताने बेंगळुरूत झाडं लावण्याची कल्पना त्याची. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी नेगिनहाळ यांच्या नेतृत्वाखाली त्याच शहरात सुमारे पंधरा लाख झाडं लावली गेली.

मुंबईचं उदाहरण लहान आहे, पण शिकण्यासारखं. दादरची पारशी कॉलनी वसवताना मंचेरजी जोशी यांनी प्रत्येक रस्त्याला वेगळं झाड दिलं. फिरदौसी रस्त्यावर महोगनी, जामे जमशेद रस्त्यावर अशोक. शंभर वर्षं होत आली, आणि आजही मे महिन्यात त्या गल्ल्यांमधून चालणाऱ्याला छत्री लागत नाही. वेगवेगळ्या जाती लावण्याचा एक फायदा दिसण्यापलीकडचा आहे. एकच जात सगळीकडे असली की एखादी कीड आली की सगळं शहर एकदम उघडं पडतं.

मुंबईच्या पर्जन्यवृक्षांनी ते दाखवून दिलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड भराभर वाढतं, तीस मीटरपर्यंत पसरतं, आणि संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत पानं मिटून घेतं. अशी प्रशस्त सावली देणारी झाडं जगात थोडी. गेल्या दीड दशकात मुंबईत त्यांच्यावर पिठ्या ढेकणाचा हल्ला झाला, फांद्यांवर पांढरा कापूस पिंजल्यासारखा थर दिसू लागला, आणि शेकडो झाडं उभ्या उभ्या वाळली. किडीला निमित्त मिळालं ते झाडांच्या अशक्तपणाचं, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं. बुंध्यापर्यंत काँक्रीट आलेलं, मुळांना ना हवा ना पाणी.

तेच झाड सिंगापूरमध्ये विमानतळापासून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी छत धरून उभं आहे. तिथे बारमाही पाऊस आहे, हे खरं. मुंबईला वर्षातले आठ महिने कोरडे. पण फरक पावसापुरता नाही. सिंगापूरमध्ये रस्ता आखतानाच झाडांसाठी मातीची अखंड पट्टी सोडली जाते, आणि त्या पट्टीवर नंतर कोणी फरशी बसवत नाही. १६ जून १९६३ रोजी पंतप्रधान ली क्वान यू यांनी एक रोप लावून तिथली मोहीम सुरू केली. उद्यानं आणि वृक्षांचा कायदा तिथे १९७५ मध्ये झाला. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षणाचा कायदाही १९७५ चाच आहे. सुरुवात एकाच वर्षी झाली आणि पुढे वाटा वेगळ्या झाल्या. तिथे झाड हे रस्त्याच्या आराखड्याचा भाग राहिलं. आपल्याकडे ते रस्ता पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत घुसवायची वस्तू होऊन बसलं.

कोणतं झाड लावावं, या प्रश्नाला देशी की विदेशी एवढंच उत्तर पुरत नाही. देशी झाडांवर पाखरं, फुलपाखरं, मधमाश्या अधिक येतात, आणि शक्य तिथे देशीच लावावं, याबद्दल दुमत नको. पण पळस, पांगारा, काटेसावर ही अस्सल देशी झाडं ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण असतात. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी डोळे निववतो. सावली मात्र देत नाही. बागेत, टेकडीवर, चौकाच्या मधल्या बेटावर ही झाडं हवीतच. बसथांब्यापाशी मार्च ते जूनमध्ये ज्याच्या अंगावर दाट पानं असतात असं झाड हवं. हा निकष लावला की यादी आपोआप बदलते.

पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, मराठवाडा अशा कोरड्या भागात कडुनिंबाला तोड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची जुनी पानं गळतात आणि उन्हं तापायच्या आत नवी पालवी भरते. करंजाचंही तसंच. मार्चअखेर त्याची पोपटी पालवी इतकी चमकते की लांबून ओळखू येतो; खाऱ्या वाऱ्यातही तो टिकतो, म्हणून कोकणपट्टीतल्या शहरांना हक्काचा. चिंच हळू वाढते, पण वादळात सहसा हार मानत नाही. आंबा आणि जांभूळ सदाहरित, त्यांची सावली गर्द. फक्त जूनमध्ये जांभळांचा सडा पडला की रस्ता निसरडा होऊन दुचाक्या घसरतात, तेव्हा जांभूळ मैदानाच्या किंवा बागेच्या कडेला लावावं, वळणावर नको. विदर्भात कुसुमाचा विचार अधिक व्हायला हवा. मार्चमध्ये लालबुंद पालवी फुटते आणि मेच्या उन्हात, बाकी जंगल उघडं असताना, त्याच्याखाली दाट सावली असते. अरुंद गल्लीला बकुळ किंवा पुत्रंजीव. समुद्राकाठी उंडी आणि भेंडी. वड, पिंपळ, नांद्रुक यांना मोठी जागा, मैदानाचा कोपरा किंवा रुंद दुभाजक द्यावा. इमारतीच्या भिंतीपासून पाच फुटांवर लावलेला वड पुढे कोणाच्या तरी कुऱ्हाडीखाली येणारच. महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलेलं ताम्हण मध्यम उंचीचं आहे. विजेच्या तारांपासून थोडं बाजूला, मध्यम रुंदीच्या रस्त्याला ते शोभतं आणि पेलतंही.

गुलमोहर आणि सोनमोहर यांच्याबद्दल मन घट्ट करून बोलावं लागतं. मादागास्करचा गुलमोहर साताऱ्यात इतका लाडका की १ मे रोजी तिथे गुलमोहर दिवस साजरा होतो, आणि तो बहर पाहिलेला कोणीही त्या प्रेमाला नावं ठेवणार नाही. पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. रहदारीच्या रस्त्यावर, जिथे एका बाजूची मुळं गटारासाठी आधीच तोडलेली असतात, तिथे पहिल्या मोठ्या वाऱ्यात तो आडवा होतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली. पडलेल्यांत विदेशी जातींचा वाटा मोठा होता. गुलमोहर बागेत राहू द्यावा, शाळेच्या मैदानाच्या टोकाला राहू द्यावा. त्याच्याखाली वाहनतळ करू नये, इतकंच.

भराभर वाढतं आणि गुरं खात नाहीत, म्हणून लावल्या जाणाऱ्या झाडांबाबत सावध राहावं. सप्तपर्णी अशीच शहरभर लागली. ती देशी आहे, पण दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांच्या उग्र वासाचा दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. कोनोकार्पस नावाच्या परदेशी झाडाने गुजरातेतले रस्ते भरले आणि शेवटी २०२३ मध्ये त्या राज्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत रांगेने उभा असलेला उंच, निमुळता खोटा अशोक? तो जागा कमी घेतो, कारण सावलीच देत नाही.

जात चांगली निवडली, तरी झाड किती वाढणार हे जमिनीखाली ठरतं. झाडाची मुळं खाली जितकी खोल जातात, जवळजवळ तितकीच वरती फांद्या असतात, अशी एक चित्रातली समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि आडवी पसरतात, पर्णसंभाराच्या घेराच्या कितीतरी पलीकडे. कारण मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो आणि तो वरच्या थरातच मिळतो. रोलर फिरवून दाबलेली माती, वर खडी, वर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक, अशा थरात ना हवा शिरते ना पाणी. मग मुळं जिथे थोडी ओल आणि हवा मिळेल तिथे, म्हणजे नेमकी फरशीच्या लगेच खाली, धावतात आणि फरशी उचलतात. झाडाने पदपथ फोडला असं आपण म्हणतो. त्या झाडाला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

मोठ्या झाडाला पूर्ण वाढीसाठी साधारण तीस घनमीटर सैल माती लागते, असा नगरवृक्षांच्या जाणकारांचा ठोकताळा आहे. पदपथात ठेवलेला चौकोन एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. म्हणजे एक घनमीटर. तिसावा हिस्सा! अशा चौकोनातलं झाड आठ-दहा वर्षं बरं दिसतं, मग थांबतं, शेंडे वाळायला लागतात. तीस घनमीटर ऐकायला प्रचंड वाटतं, पण दोन मीटर रुंद, एक मीटर खोल आणि पंधरा मीटर लांब चर म्हणजे बरोबर तेवढीच माती. वेगवेगळे चौकोन न ठेवता रस्त्याकडेने सलग चर भरली, तर एका झाडाची मुळं दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन माती वाटून घेतात. त्यावर गवत, झुडपं किंवा पाणी झिरपू देणारी जाळीची फरशी चालते.

जागा फारच कमी असेल आणि वरून माणसांनी चालणं अपरिहार्य असेल, तर त्यावरही उपाय निघालेले आहेत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात नीना बासुक आणि जेसन ग्राबोस्की यांनी खडी आणि माती यांचं असं मिश्रण बसवलं, की खडी एकमेकींवर टेकून पदपथाचा भार घेते आणि मधल्या पोकळ्यांत सैल राहिलेल्या मातीतून मुळं वाट काढतात. स्टॉकहोमने त्याहून मोठे दगड वापरून, वरून हवा आणि पावसाचं पाणी आत जाईल असे खड्डे करून, जुन्या मरणाऱ्या झाडांनाही पुन्हा पालवी आणली. आपल्याकडे दगडाची खडी जिथे तिथे मिळते आणि पावसाळ्यात रस्त्यांवरून वाहणारं पाणी गटारात वाया जातं. ते पाणी झाडांच्या चरीत वळवलं तर पाणी तुंबणं आणि झाडांची तहान, दोन्ही दुखणी एकदम हलकी होतील. हे काम रस्ता नव्याने बांधतानाच स्वस्तात होतं.

जी झाडं आधीच काँक्रीटमध्ये गाडली गेली आहेत, त्यांच्यासाठी निदान भोवतालची एक मीटर जागा मोकळी करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीबाबत दिला. इतर शहरांतही त्या आधारे मागण्या झाल्या. एक मीटर हा जीव वाचवण्यापुरता आकडा आहे, वाढीसाठी नव्हे. काँक्रीट फोडताना जेसीबी लावला तर तोच मुळं उचकटतो; हे काम छिन्नी-हातोड्याने, हाताने करायचं असतं. मोकळ्या केलेल्या जागेत चुना-सिमेंटचा राडारोडा तसाच ठेवला तर माती अल्कधर्मी होते. तो काढून, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं लागतं.

नवं झाड लावायचं तर तयारी मेमध्ये सुरू होते. खड्डा आधी काढून उन्हात तापू द्यायचा, ही शेतकऱ्यांची पद्धत शहरातही उपयोगी पडते. पुण्यासारख्या ठिकाणी हातभर खाली मुरूम किंवा कातळ लागतो. तिथे खोल खड्ड्यापेक्षा रुंद खड्डा फायद्याचा, आणि भरण्याआधी त्यात पाणी ओतून पाहावं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर पावसाळ्यात मुळं कुजणार, तेव्हा निचऱ्याची वाट काढून घ्यावी. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत उलट करावं लागतं. रोप थोडं उंचवट्यावर बसवायचं, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबत नाही. मुंबईच्या भरावाच्या जमिनीत बांधकामाचा राडा सापडतो, तिथे माती बदलण्याला पर्याय नाही.

रोपवाटिकेतून रोप घेताना लोक उंची पाहतात. पाहायला हवीत ती मुळं आणि बुंधा. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरलेली असतात. तसंच लावलं तर पंधरा वर्षांनी तीच मुळं जाड होऊन बुंध्याला वेढा घालतात आणि झाडाचा गळा आवळतात. गोल फिरलेली मुळं धारदार चाकूने उभी कापून, मोकळी करून मगच लावायची. प्लास्टिकची पिशवी काढायची, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. पण वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांनंतर महिन्याभराने मेलेली रोपं उपसून पाहिली की पिशवी आत तशीच सापडते. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत उतरतो, तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला गेला की साल ओली राहून कुजते. महाराष्ट्राच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार भरपाईच्या लागवडीसाठी सहा ते आठ फुटांचं रोप हवं आणि ते सात वर्षं जपायला हवं. ही अट योग्य आहे. वीतभर रोप शहराच्या रस्त्यावर टिकत नाही.

आधाराची काठी हवी, पण सैल बांधलेली, आणि वर्ष-दीड वर्षाने काढून टाकलेली. वाऱ्याने थोडं हलणारं खोड जाड होतं. घट्ट बांधलेलं खोड काठीच्या भरवशावर बारीकच राहतं. लोखंडी संरक्षक जाळी रोप लावल्या दिवशी गरजेची असते. दहा वर्षांनी खोड तिच्यात रुतलेलं दिसतं, कारण ती काढायची आठवण कोणाला राहत नाही. आळ्यात पाचोळा घालावा, मात्र बुंध्याला चिकटवून नव्हे. सकाळी सफाई करताना पाचोळा गोळा करून जाळला जातो, तो त्याच झाडाच्या आळ्यात घातला तर माती ओली राहते आणि पुढच्या वर्षीचं खतही होतं.

पाण्याचा प्रश्न ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. मृगात लावलेलं रोप पावसाळाभर हिरवंगार असतं, आणि दसऱ्यानंतर त्याच्याकडे लक्ष देणारं कोणी उरत नाही. पहिले तीन उन्हाळे निर्णायक असतात. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात. आठवड्यातून दोनदा दोन-तीन बादल्या, सावकाश जिरू देत घातल्या तर मुळं खाली उतरतात. टँकरचा पाइप धरून दोन मिनिटांत आळं भरणारा माणूस पाणी घालतो खरा, पण त्यातलं बरंचसं रस्त्यावर वाहून जातं.

तीन वर्षं जगलेलं झाड आता आपलं आपण वाढेल, असं समजून सोडून देतात, आणि पुढची चूक होते ती छाटणीत. लहानपणी, फांद्या बोटाएवढ्या असताना, झाडाला आकार द्यायला हवा. एकच मुख्य शेंडा ठेवावा. जिथे दोन सारख्या जाडीचे शेंडे एकमेकांना घासत उभे राहिलेले असतात, तिथे मध्ये साल दबून सांधा कच्चा राहतो, आणि वीस वर्षांनी पावसाळी वाऱ्यात तोच उभा फाटतो. खालच्या फांद्या एकदम न काढता वर्षागणिक थोड्या थोड्या काढाव्यात: पदपथावर माणसाच्या डोक्यावरून, रस्त्यावर बसच्या टपावरून मोकळं जाता येईल इतक्या. हे काम करायला एक जाणता माळी आणि एक हातकरवत पुरते.

प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षं काही करत नाहीत आणि मग मान्सूनपूर्व कामांच्या नावाखाली मे महिन्यात, सावलीची सर्वांत जास्त गरज असताना, झाडाचा शेंडाच उडवतात. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून तपासली आणि दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही. जखमेभोवती भिंती उभारून कुजलेला भाग वेगळा पाडतं. फांदी जिथे खोडातून निघते तिथली फुगीर कड शाबूत ठेवून कापलं तर ही भिंत लवकर उभी राहते. खोडाला लागून सपाट कापलं, किंवा वीतभर खुंट ठेवला, तर कूज खोडात उतरते. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासण्यानेही उपयोग होत नाही. आणि शेंडा उडवलेल्या झाडाला खुंटांवर जे धुमारे फुटतात, ते वरच्या सालीला चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जड होतात आणि वाऱ्यात मोडून पडतात. झाड धोकादायक होऊ नये म्हणून केलेली छाटणीच त्याला धोकादायक करते. झाडाला खिळे ठोकून लावलेल्या पाट्या, फांद्यांना आवळलेल्या केबल, गणपती-दिवाळीत गुंडाळलेल्या आणि मग विसरलेल्या दिव्यांच्या माळा, यांनीही झाडाला तशाच जखमा होतात. पुण्यात खिळे उपसण्याच्या मोहिमा नागरिकांनी चालवल्या, त्यांत एकेका झाडातून मूठमूठ खिळे निघाले.

मुंबईच्या २०१८ च्या वृक्षगणनेत सुमारे २९.७५ लाख झाडं मोजली गेली. त्यांतली रस्त्याच्या कडेची साधारण १ लाख ८५ हजार. चालणाऱ्या, सायकलवरच्या, हातगाडीवरच्या, बसची वाट पाहणाऱ्या माणसाला सावली देतात ती मुख्यतः ही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण दिलं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावण्याची अट घातली. साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात साठ रोपं, असा तो हिशेब. तो आधीपेक्षा बरा आहे, पण ती साठ रोपं गावाबाहेरच्या टेकडीवर लागली तर चिंचेखाली बसणाऱ्या भाजीवालीला त्यांचा काय उपयोग? भरपाईची झाडं त्याच प्रभागात, शक्य तर त्याच रस्त्यावर लावण्याचा आग्रह नागरिकांनी वृक्ष प्राधिकरणाकडे धरायला हवा. हरकती मागवल्या जातात तेव्हा मुदत थोडी असते, आणि झाडावर चिकटवलेली नोटीस वाचणारा माणूस त्या रस्त्यावरचाच असावा लागतो.

जुनं झाड कुऱ्हाडीने मरतं त्याहून अधिक वेळा चरीने मरतं. पाण्याची, गॅसची, केबलची लाइन टाकताना बुंध्यापासून हातभर अंतरावर खोदलं की त्या बाजूची सगळी मुळं जातात. झाड लगेच वाळत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं किंवा एखाद्या जुलैच्या रात्री त्याच बाजूला कलंडतं, आणि कारण म्हणून वाऱ्याची नोंद होते. खोदाईची परवानगी देतानाच बुंध्यापासून किती अंतर सोडायचं हे लिहून देता येतं. जिथे अंतर सोडणं शक्य नाही, तिथे मुळांखालून आडवं भोक पाडून पाइप सरकवता येतो, आणि गॅसच्या व केबलच्या कामांत हे तंत्र आपल्या शहरांत आताही वापरलं जातं. हमरस्त्याची वाहतूक अडू नये म्हणून जर ते वापरतात, तर त्याच ठेकेदाराला तेच यंत्र पुढच्या कडुनिंबापाशीही लावायला सांगता येईल. त्यासाठी निविदेत एक ओळ वाढवावी लागेल.